हप्त्याहप्त्याने आलेले स्वातंत्र्य

दरवर्षी १७ सप्टेंबर उजाडला की दख्खनच्या पठारावर एकाच घटनेचे तीन निरनिराळे उत्सव साजरे होतात. महाराष्ट्रात त्या दिवसाला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणतात. कर्नाटकात २०१९ पासून तो कल्याण कर्नाटक उत्सव झाला आहे. तेलंगणात तर सरकार बदलले की दिवसाचे नावही बदलते. कोणी त्यास एकात्मतेचा दिवस म्हणतो, कोणी मुक्तीचा. १९४८ साली ज्या प्रजेने एकाच राज्यकर्त्याचे जोखड एकाच दिवशी झुगारले, तिला आज त्या दिवसाचे एक नावही उरू नये, ही गोष्ट वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु नावाच्या या गोंधळामागे एका भूभागाची सारी कहाणी दडलेली आहे. तो भूभाग म्हणजे बिदर आणि कलबुर्गी, म्हणजे कालपरवापर्यंतचा गुलबर्गा, हे कर्नाटकाच्या ईशान्य टोकाचे सीमावर्ती जिल्हे.

गोमंतकीय वाचकाला हा मुलूख वाटतो तितका परका नाही. दत्तजयंतीच्या सप्ताहात आपल्या घराघरांतून ज्या गुरुचरित्राचे पारायण होते, त्याची भूमी हीच. श्रीनृसिंहसरस्वतींनी जेथे दीर्घकाळ वास्तव्य केले ते भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यात आहे. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर ज्या सायंदेवाच्या वंशातले, त्याचे कडगंची हे गाव त्याच जिल्ह्यातील आळंद तालुक्यात आहे. घरची बोली कानडी असलेल्या या पुरुषाने ग्रंथ मात्र मराठीत रचला, आणि त्यात गुरुकृपेने व्याधिमुक्त झालेल्या बिदरच्या मुसलमान राजाची कथाही श्रद्धेने गोवली. इतिहासाचा आणखी एक धागा आहे. बिदरच्या बहमनी दरबाराचा वजीर महमूद गावान याने १४७२ साली गोवा जिंकून घेतला. बिदर येथील त्याच्या प्रसिद्ध मदरशाच्या इमारतीचे सालही १४७२ हेच. पोर्तुगीज गलबते मांडवीत शिरण्यापूर्वी आपला कारभार एके काळी बिदरकडे पाहून चालत होता, हे आज कोणाच्या ध्यानातही नसते.

पुढे हे दोन्ही मुलूख एका दुर्दैवाचे वाटेकरी झाले. १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री देशात जो जल्लोष झाला, त्यात ना गोवा सामील होऊ शकला ना बिदर. आपल्यावर पोर्तुगीजांची प्रत्यक्ष सत्ता होती. तिकडे निजामाची गादी होती, आणि त्या गादीला दीडशे वर्षे ब्रिटिश सार्वभौमत्वाचा टेकू होता. हैदराबादेत इंग्रजांचा गव्हर्नर नव्हता, रेसिडेंट होता. परंतु तैनाती फौजेच्या काळापासून निजामाचे आसन कोणाच्या संगिनींवर स्थिर राहिले, हे सर्वांस ठाऊक होते. म्हणूनच इंग्रज गेले तेव्हा एक विलक्षण पेच निर्माण झाला. सार्वभौम सत्ता निघून गेली, आता आपणच स्वतंत्र राजे, असा पवित्रा मीर उस्मान अली खान यांनी घेतला. वसाहतवादाच्या अंतामुळे प्रजा मुक्त होण्याऐवजी राजा मुक्त होऊ पाहत होता. बाहेरचा टेकू निघाला तरी आतला खांब उभाच राहतो, हा अनुभव जगातील अनेक देशांनी पुढे घेतला. बिदर-गुलबर्ग्याच्या रयतेने तो पहिल्याच वर्षी घेतला.

त्या राजवटीचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. प्रजेच्या भाषा तेलुगू, मराठी आणि कानडी. राज्यकारभाराची, न्यायालयाची आणि उच्च शिक्षणाची भाषा मात्र उर्दू. सभा भरवायची तर ‘गश्ती निशान ५३’ या हुकमान्वये आगाऊ परवानगी घ्यावी लागे. जमिनीचा मोठा हिस्सा सरकारच्या थेट ताब्यात नव्हताच. निजामाच्या खाजगीकडील सर्फ-ए-खास, पायगा घराण्यांच्या जहागिरी, लहानमोठ्या नवाबांची आणि सरदारांची गावे अशी त्याची वाटणी होती. कल्याणी, म्हणजे महात्मा बसवेश्वरांचे कल्याण, हीदेखील एका नवाबाची जहागीर होती. येथे एक गोष्ट स्पष्टपणे मान्य करावयास हवी. या व्यवस्थेचा कळस मुसलमानी असला तरी तिच्या खालच्या पायऱ्यांवर देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी असे आपलेच लोक उभे होते, आणि वेठबिगारी करणाऱ्या अस्पृश्याच्या पाठीवरचा कोरडा पुष्कळदा हिंदू हातातलाच असे. या दुखण्याचा एक विलक्षण पुरावा इतिहासात नोंदला गेला आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादची बाजू मांडण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाकडे जे शिष्टमंडळ गेले, त्यात श्यामसुंदर हे दलित पुढारीही होते. त्यांचा निर्णय चुकला असे म्हणणे सोपे आहे. तो त्यांना का घ्यावासा वाटला, हा प्रश्न अधिक अवघड आणि अधिक उपयुक्त आहे.

या राजवटीविरुद्ध १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसने आणि त्याच सुमारास आर्य समाजाने सत्याग्रह आरंभिला. स्वामी रामानंद तीर्थ या संन्याशाने त्या लढ्याचे सारथ्य केले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सारा देश तिरंगा उभारीत असता स्वामीजींना मात्र हैदराबादेत अटक झाली. त्यानंतरचे तेरा महिने हा या मुलुखाच्या आयुष्यातील काळाकुट्ट अध्याय होय. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ कराराआड निजाम वेळ काढीत राहिला, आणि लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांनी गावोगाव थैमान घातले. आपल्या मुरगाव बंदरावर हैदराबादच्या राज्यकर्त्यांचा डोळा होता तो याच काळात; समुद्राची वाट मिळाली तर स्वातंत्र्य टिकवता येईल, असा त्यांचा हिशेब होता. तो साधला नाही तेव्हा सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांतून शस्त्रे आणू लागला. ज्या धावपट्ट्यांवर ती उतरत, त्यांत बिदरही होते. आज त्याच बिदरमध्ये भारतीय हवाई दलाचे वैमानिक प्रशिक्षण घेतात.

मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरटा गावी रझाकारांनी जे हत्याकांड केले, त्यात सुमारे दोनशे माणसे मारली गेल्याचे सांगितले जाते. तेथे २०२३ मध्ये स्मारकाचे अनावरण झाले. भालकी तालुक्यातील वरवट्टी गावच्या एका गरीब दलित घराला रझाकारांनी आग लावली, तीत आई आणि मुलगी जळून गेल्या. बाप आणि सहा वर्षांचा मुलगा तेवढे वाचले. तो मुलगा म्हणजे मल्लिकार्जुन खर्गे. गुलबर्ग्यात वाढलेला हा मुलगा १९७२ पासून विधानसभेच्या सलग नऊ निवडणुका जिंकतो आणि २०२२ साली काँग्रेसचा अध्यक्ष होतो, यावरून त्या राखेतून काय उगवले याची कल्पना येते. त्यांच्या पक्षाचे राजकारण कोणास पटो वा न पटो, १९४८ पूर्वीच्या हैदराबादेत हा प्रवास स्वप्नातही संभवला नसता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्या फौजा सोलापूरहून निघाल्या. नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद हा त्यांचा मार्ग होता, आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली. गोमंतकीयांनी हे नाव विशेष लक्षात ठेवावे. तेरा वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवामुक्तीची कारवाई झाली तेव्हा दक्षिण विभागाचे सेनापती हेच चौधरी होते. बिदरला आणि पणजीला स्वातंत्र्याचे दार एकाच हाताने उघडून दिले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

तथापि, दार उघडल्यावर काय घडले तेही सांगितले पाहिजे. अर्धाच इतिहास सांगणाऱ्यास आपण मुक्तीचा उत्सव करण्याचा अधिकार गमावून बसू. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत सूडाची जी लाट उसळली, तिच्यात हजारो निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांनी हैदराबाद संस्थानात दौरा केला. मृतांचा आकडा २७ हजार ते ४० हजारांच्या दरम्यान असावा, असा त्यांचा अंदाज होता, आणि सर्वाधिक झळ पोहोचलेले जिल्हे म्हणून त्यांनी उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा व बिदर यांची नावे दिली. हा अहवाल कित्येक दशके दप्तरात बांधून ठेवण्यात आला. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची उदाहरणेही त्यात नोंदवलेली आहेत. अहवाल दडवला गेल्यामुळे त्या सज्जनांची आठवणही दडवली गेली. रझाकारांचे अत्याचार सांगून हा प्रकार झाकता येणार नाही, आणि हा प्रकार पुढे करून रझाकारांनाही निर्दोष ठरवता येणार नाही. गोरट्याच्या स्मारकापुढे ज्याची मान झुकते, त्याची मान या अनाम मृतांसाठीही झुकली पाहिजे. मुक्तिलढा हा राजवटीविरुद्ध होता, धर्माविरुद्ध नव्हता, हे स्वामीजींचे सांगणे खरे मानायचे असेल तर याला दुसरा मार्ग नाही.

आणि बिदरच्या सामान्य मतदाराने ते खरे मानलेही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बिदरने लोकसभेवर पाठवले ते शौकतुल्ला शाह अन्सारी यांना, जे पुढे ओडिशाचे राज्यपाल झाले. रक्त वाळून चार वर्षेही झाली नव्हती. त्याच निवडणुकीत गुलबर्ग्याने स्वामी रामानंद तीर्थांना निवडून दिले. ज्या निजामाने त्यांना तुरुंगात टाकले, तो निजाम त्या वेळी राजप्रमुख म्हणून त्याच राज्याच्या शिखरावर विराजमान होता, हा आपल्या लोकशाहीचा एक सौम्य विनोद म्हणावा लागेल. परंतु गादीखालची जमीन मात्र सरकली होती. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास सरकारात विलीन झाले, त्याच वर्षी जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० च्या कूळकायद्याने ‘संरक्षित कूळ’ हा शब्द या मुलुखात प्रथमच कायद्याच्या बळाने उच्चारला गेला. राजकीय मुक्तीचा पहिला हप्ता १९४८ ला मिळाला असेल, तर दुसरा, जमिनीचा हप्ता असा मिळू लागला. तो पुरता कधीच चुकता झाला नाही. कागदावरचे कूळ आणि शेतातले कूळ यांच्यामध्ये पाटील-कुलकर्णी उभे होते, आणि देवराज अर्स यांच्या सरकारच्या १९७४ च्या जमीन सुधारणा कायद्यापर्यंत अनेकांना वाट पाहावी लागली. सामाजिक प्रतिष्ठेचा हप्ता तर त्याहून लांबला. श्यामसुंदर यांना १९६८ साली गुलबर्ग्यातच भीमसेना स्थापन करावीशी वाटली, याचा अर्थ स्वातंत्र्याच्या एकविसाव्या वर्षीही गावकुसाबाहेरच्या माणसाला पहारा आवश्यक वाटत होता.

तिसरा हप्ता भाषेचा. उर्दूची सक्ती गेली तेव्हा कानडीची आणि मराठीची शाळा उघडपणे भरू लागली. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टद्देवरू यांची गोष्ट या संदर्भात आपण मराठीभाषकांनी आवर्जून ऐकावी. निजामी अमदानीत या स्वामींनी दारावर उर्दूची पाटी लावून आत मुलांना कानडी शिकवले. पुढे प्रांतरचनेचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी भालकी कर्नाटकात राहावी म्हणून आग्रह धरला. आपला पक्ष निराळा होता. पण मातृभाषेसाठी जोखीम पत्करणारा मनुष्य प्रतिपक्षात असला तरी त्याला वंदन करण्याइतके औदार्य आपल्या अंगी असावयास हवे.

प्रांतरचनेचा तो घाव बिदरवर जसा बसला तसा क्वचितच कोठे बसला असेल. या जिल्ह्यात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारे एकत्र नांदत होते, आणि एकही भाषा निम्म्याहून अधिक लोकांची नव्हती. फाजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात बिदर अखंड ठेवून तेलंगणाच्या जिल्ह्यांसह हैदराबाद राज्यात ठेवावा असे सुचवले होते. ते मानले गेले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आज ते लातूर जिल्ह्यात आहेत. जहिराबादचा बहुतेक भाग व नारायणखेड आंध्रात गेले, आणि आज तेलंगणात आहेत. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यास, म्हणजे आजच्या कर्नाटकास, मिळाला. गुलबर्गा जिल्ह्यातून कोडंगल आणि तांडूर आंध्राला गेले. लेक दिलेली गावे परराज्यात गेली. जेथे कोर्टकचेरी होती ते हैदराबाद बिदरपासून दीडशे किलोमीटरांच्या आत, तर नवी राजधानी बंगळूर जवळजवळ सातशे किलोमीटर दूर. सीमेने संन्याशालाही प्रांत लावून दिला. १९५२ साली गुलबर्ग्याचे खासदार असलेले स्वामीजी १९५७ साली औरंगाबादहून निवडून आले.

या ठिकाणी गोमंतकीयाच्या मनात एक तुलना आल्याशिवाय राहत नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी आपल्याला विचारण्यात आले की तुम्हाला महाराष्ट्रात विलीन व्हायचे आहे की वेगळे राहायचे आहे. त्या जनमत कौलाचा निकाल आपल्यापैकी अनेकांना रुचला नाही. परंतु ज्यांना तो रुचला नाही त्यांनीही तो मानला, कारण प्रश्न प्रत्येकाच्या हाती देण्यात आला होता. भालकीच्या किंवा औरादच्या शेतकऱ्याला असे कोणी विचारले नाही. त्याचे राज्य कायद्याच्या एका कलमाने ठरले. सत्तर वर्षे होत आली तरी सीमाप्रश्नाची जखम भरत नाही, याचे कारण केवळ भाषाभिमानात शोधणे चुकीचे आहे. न विचारले जाण्याचा सल त्यात आहे. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. या साऱ्या काळात सीमाप्रश्न म्हटले की बेळगावचे नाव घेतले गेले. बिदर, भालकी, औराद, आळंद ही नावे ठरावाच्या शेवटच्या ओळीत वाचली गेली आणि टाळ्यांच्या कडकडाटात विरून गेली.

दरम्यान कर्नाटकातही या मुलुखाला सावत्रपणाच भोगावा लागला. डॉ. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये कर्नाटकातील जे ३९ अतिमागास तालुके निश्चित केले, त्यांपैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागातले निघाले. प्रदीर्घ मागणीनंतर अठ्ठ्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने ३७१-जे हे कलम आले आणि २०१३ मध्ये विकास मंडळ, शिक्षणातील व नोकरीतील राखीव जागा यांचा मार्ग मोकळा झाला. २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, २०१९ मध्ये हैदराबाद कर्नाटकाचे कल्याण कर्नाटक झाले. जुन्या राजवटीची नावे पुसण्याची इच्छा समजण्यासारखी आहे; आपणही ती केली आहे. परंतु पाटी बदलल्याने विहिरीला पाणी लागत नाही. तुरीचे कोठार म्हणवणाऱ्या या जिल्ह्यांतील माणूस आजही मजुरीसाठी पुण्या-मुंबईची, हैदराबादची आणि आपल्या गोव्याची वाट धरतो.

मग या शेवटच्या हप्त्याचे काय? आमचे म्हणणे असे, की तो वसूल करण्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही. ज्या सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ साली राज्यांचा नकाशा बदलला, त्याच दुरुस्तीने घटनेत ३५०-अ हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करणे हे प्रत्येक राज्याचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. रेषा आखणाऱ्यांना ठाऊक होते की कोणतीही रेषा आखली तरी काही माणसे चुकीच्या बाजूला राहणारच. त्यांच्यासाठी ही भरपाई होती. रेषा तत्काळ अमलात आली. भरपाई मात्र राज्यकर्त्यांच्या मर्जीवर राहिली. औराद-भालकीच्या मराठी मुलाला मराठी शाळेत शिक्षक मिळावा, त्याच्या बापाला जमिनीचा उतारा समजेल अशा भाषेत मिळावा, ही मागणी कर्नाटकाच्या विरुद्ध नाही. घटनेच्या बाजूची आहे. आणि हीच मागणी अक्कलकोट, जतच्या कानडी मुलासाठीही आपण तितक्याच आवाजात केली पाहिजे, नाहीतर आपल्या भाषाप्रेमाला न्यायाचे नाव देता येणार नाही.

तिसरी गोष्ट आपल्या घरची आहे. बिदर-कलबुर्गीचा, रायचूर-विजापूरचा जो मजूर आपल्या इमारती बांधतो, रस्ते खणतो, त्याला आपण ‘घाटी’ म्हणतो, आणि त्या शब्दातली तुच्छता आपल्या कानांनाही आता जाणवेनाशी झाली आहे. आपण गाणगापूरला जातो तेव्हा त्याच्या गावच्या मातीला नमस्कार करतो, आणि ती माती अंगाला लागलेला माणूस आपल्या दारी आला की नाक मुरडतो. त्याच्या मुलांना कोणती शाळा मिळते, त्याला शिधापत्रिका मिळते की नाही, हे प्रश्न आपण किती वेळा विचारले? साडेचारशे वर्षे परक्यांच्या तुच्छतेखाली काढलेल्या समाजाला हे शोभत नाही.

१९६१ ला आपण मुक्त झालो आणि १९४८ ला ते, हा केवळ पंचांगातला फरक आहे. कडगंचीत २००९ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. सरस्वती गंगाधरांच्या त्या गावी कानडी, मराठी आणि उर्दू कागदपत्रे एकत्र मांडून या मुलुखाचा इतिहास लिहिला गेला, गोरटा आणि सुंदरलाल अहवाल ही दोन्ही प्रकरणे त्यात एकापुढे एक छापली गेली, तर कोणत्याही नामांतरापेक्षा तो मोठा उत्सव ठरेल. तोवर, येत्या दत्तजयंतीला पोथी उघडताना तिच्या कर्त्याची घरची भाषा कोणती होती, एवढे तरी आपण आपल्या मुलांना सांगू या.